एक्सआरपी धरून ठेवायचं की दहा नाण्यांत विभागायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वय ३४, खासगी नोकरी. गेल्या काही वर्षांत ४ लाख रुपये घालून एक्सआरपी या क्रिप्टो चलनाची नाणी घेतली, आज त्यांची किंमत १० लाखांच्या घरात आहे. पीएफ आणि एफडी मिळून आणखी ८ लाख. एक्सआरपीवर तुमचा ठाम विश्वास आहे आणि बाकीचा क्रिप्टो बाजार तुम्हाला सट्टा वाटतो. मित्र म्हणतो, सगळं एका नाण्यात ठेवणं वेडेपणा आहे, निम्मे विक आणि दहा नाण्यांत विभाग. कोणाचं ऐकायचं?

मित्राची काळजी रास्त आहे, त्याने सांगितलेला उपाय चुकीचा आहे. तुमची जोखीम खरोखर जास्त आहे आणि ती कमी केलीच पाहिजे. पण ती नाण्यांची संख्या वाढवून कमी होत नाही, एकूण पैशातला क्रिप्टोचा हिस्सा घटवून होते. भारतात राहणाऱ्यासाठी हे जास्तच खरं आहे, कारण इथला कर. पोर्टफोलिओच्या चर्चेत कर नेहमी शेवटी येतो आणि इथे तर तोच निकाल ठरवतो, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

२०२२ च्या अर्थसंकल्पाने आयकर कायद्यात ११५बीबीएच हे कलम घातलं. १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर अधिभार वेगळा. नाणं तीन महिने ठेवलं की तीन वर्षं, फरक नाही. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा होते. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. पुढचा भाग रिटर्न भरायला बसल्यावर कळतो: एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. पगारातून नाही, शेअरच्या नफ्यातून नाही, आणि पुढच्या वर्षी ओढूनही नेता येत नाही. नफ्यावर कर पूर्ण, तोटा पूर्णपणे तुमचा.

आता हा नियम दहा नाण्यांना लावून बघा. ५ लाख रुपये, प्रत्येक नाण्यात ५०,००० रुपये. समजा दोन नाणी चौपट झाली, तीन होती तिथेच राहिली आणि पाच नाणी ८० टक्के पडली. ऑल्टकॉइनच्या, म्हणजे बिटकॉइन सोडून बाकीच्या नाण्यांच्या, बाजारात हा निकाल वाईट म्हणता येणार नाही. चौपट झालेल्या दोघांचे ४ लाख, जागच्या जागी राहिलेल्या तिघांचे दीड लाख, पडलेल्या पाचांचे ५०,०००. एकूण ६ लाख, म्हणजे खरा नफा १ लाख. पण आयकर खात्याच्या हिशेबात तुमचा नफा ३ लाख, कारण पाच नाण्यांतला २ लाखांचा तोटा मोजलाच जात नाही. ३ लाखांवर ३१.२ टक्के म्हणजे ९३,६०० रुपये कर. तुमच्या हातात उरले ६,४०० रुपये. हाच १ लाखाचा नफा एकाच नाण्यात झाला असता तर कर ३१,२०० रुपये आणि हातात ६८,८०० रुपये.

ती दोन नाणी चौपटऐवजी तिप्पटच झाली तर? एकूण किंमत बरोबर ५ लाख, म्हणजे नफा शून्य. कर मात्र ६२,४०० रुपये. तुम्ही एक रुपयाही कमावलेला नाही आणि तरीही कर भरताय. यात हिशेबाची चलाखी काही नाही. पाच-सहा नाणी घेऊन त्यातली दोन-तीन विकलेल्या कोणाच्याही रिटर्नमध्ये व्हीडीएचं (कायद्यात क्रिप्टोला दिलेलं नाव) परिशिष्ट भरताना हीच आकडेमोड समोर येते. अर्थात विकल्याशिवाय कर नाही, पडलेली नाणी न विकता तशीच ठेवता येतात. त्याने कर कमी होत नाही, एवढं लक्षात असू द्या.

म्हणून अमेरिकेतल्या सल्लागारांचे व्हिडिओ बघून 'डायव्हर्सिफाय करा' हा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. तिथे क्रिप्टोतला तोटा नफ्यातून वजा होतो आणि पुढच्या वर्षांतही नेता येतो. तिथला सल्ला तिथल्या कायद्यात बसतो. आपल्याकडे सेबीकडे नोंदणी असलेला क्रिप्टो इंडेक्स फंडही नाही, की ज्याच्या पोटात नाणी बदलली आणि तुमच्यावर कर लागला नाही. दहा नाणी ठेवायची तर दहाही हिशेब तुमच्या पॅनवर.

त्यात १ जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएस. तो नफ्यावर नाही, विक्रीच्या पूर्ण रकमेवर कापला जातो. एक नाणं देऊन दुसरं घेतलं तरी कायद्याच्या दृष्टीने ते विकणंच आहे, म्हणजे करही लागतो आणि टीडीएसही. पोर्टफोलिओचं प्रमाण सांभाळण्यासाठी, समजा, दर महिन्याला सगळं फिरवलं तर वर्षभरात ११ टक्क्यांच्या वर भांडवल टीडीएसमध्ये जाऊन बसतं. ते बुडत नाही, करातून वळतं होतं किंवा परतावा मिळतो, पण तोवर ते बाजारात नसतं. शिवाय प्रत्येक व्यवहारात एक्सचेंजचं (नाणी विकत-घेण्याच्या अ‍ॅपचं) शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी.

एक सावधगिरीची गोष्ट इथेच सांगतो, कारण एका नाण्यावर विश्वास असणारी मंडळी नेमकी इथे अडकतात. तोटा वजा न होण्याचा नियम एकाच नाण्याच्या वेगवेगळ्या व्यवहारांनाही लागू आहे. जूनमध्ये एक्सआरपी विकून ४०,००० कमावले आणि सप्टेंबरमध्ये एक्सआरपीच विकून ४०,००० घालवले, तर वर्षाचा नफा शून्य आणि कर १२,४८० रुपये. विश्वासाने धरलेलं नाणं वर-खाली विकत-घेत राहणं हा या कायद्याखालचा सगळ्यात महाग प्रकार आहे.

आता कर बाजूला ठेवू. दहा नाणी घेतल्याने पडझडीत वाचतो का? २०२२ हे वर्ष घ्या. जानेवारी ते डिसेंबर बिटकॉइन सुमारे ६४ टक्के पडला, इथेरियम सुमारे ६७, कार्डानो सुमारे ८१ आणि सोलाना सुमारे ९४ टक्के. एक्सआरपी सुमारे ५९ टक्के. म्हणजे त्या वर्षी तुमचं एकटं नाणं या चौघांपेक्षा कमी पडलं. याचा अर्थ एक्सआरपी सुरक्षित आहे असा अजिबात नाही. अर्थ एवढाच की क्रिप्टोत मंदी आली की सगळी नाणी एकाच दिशेने जातात. सगळ्यांत तेच खरेदीदार असतात, पैसा आटला की तो सगळीकडून एकदमच आटतो, आणि उधारीवर घेतलेले सौदे एकाच रात्री सगळीकडे बंद होतात. शेअर बाजारात बँका पडताना एखादी औषध कंपनी तरून जाते. इथे तशी वेगळी क्षेत्रं फारशी नाहीत.

शिवाय 'बाजार' म्हणजे नेमकं काय? २०२४ आणि २०२५ मध्ये बहुतेक काळ क्रिप्टोच्या एकूण बाजारमूल्याचा निम्म्याहून जास्त भाग एकट्या बिटकॉइनचा होता. बाजार जसा आहे तसा घ्यायचा तर १०० रुपयांतले ५० च्या वर बिटकॉइनमध्ये जायला हवेत. दहा नाण्यांत प्रत्येकी १० टक्के म्हणजे तुम्ही बाजार घेत नाही, बिटकॉइनचा वाटा घटवून लहान नाण्यांवर मोठा डाव लावताय. मित्र ज्याला सुरक्षितपणा म्हणतोय ती प्रत्यक्षात जास्त जोखीम आहे.

लहान नाण्यांचं काय होतं हे बघायचं तर जानेवारी २०१८ ची यादी आठवा. तेव्हा अव्वल नाण्यांत एनईएम, आयओटा, डॅश ही नावं होती. एनईएम दीड डॉलरच्या वर गेलं होतं, आयओटाने डिसेंबर २०१७ मध्ये ५ डॉलर ओलांडले होते. त्यानंतर २०२१ ची एवढी मोठी तेजी येऊन गेली, पण ही तिन्ही नाणी त्या शिखराच्या जवळही पुन्हा पोहोचली नाहीत. अव्वल दहा आज दिसतात म्हणून त्यांची टोपली भरली, तर त्यातली निम्मी पुढच्या तेजीत असतीलच असं नाही. आणि जी राहतात त्यांचीही देखभाल लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅटिक या नाण्याचं रूपांतर पोल या नव्या नाण्यात झालं. असे बदल कधी एक्सचेंज आपोआप करून देतं, कधी स्वतः वॉलेटमधून करावे लागतात, आणि प्रत्येक वेळी जुन्या खरेदीची तारीख आणि किंमत नव्या नाण्याला जोडून नोंद ठेवावी लागते. दहा नाण्यांचं हे काम नोकरी सांभाळून नीट करणारे फार थोडे.

टोपलीचा खरा फायदा एकाच ठिकाणी आहे, आणि तो मान्य केला पाहिजे: नाणं पडणं वेगळं आणि मरणं वेगळं. मे २०२२ मध्ये लुना हे नाणं महिन्याच्या सुरुवातीला ८० डॉलरच्या आसपास होतं. ९ मे रोजी त्याच्याशी जोडलेलं यूएसटी हे नाणं आपली १ डॉलरची किंमत टिकवू शकलं नाही, ती सावरायला नवी लुना नाणी भराभर छापली गेली आणि आठवड्याच्या आत लुनाची किंमत सेंटच्याही खाली गेली. ज्याचं सगळं लुनात होतं त्याचं सगळं गेलं. दहा टक्के होते त्याचे दहा टक्के गेले. त्यामुळे तुम्ही स्वतःला विचारायचा प्रश्न हा, की एक्सआरपी मरण्याची शक्यता किती आणि तो न मरता नुसता मागे पडण्याची शक्यता किती.

माझ्या मते दुसरी शक्यता पहिल्यापेक्षा खूप मोठी आहे, आणि तुमच्या प्रश्नात तिचा विचार दिसत नाही. एक्सआरपीचा इतिहासच घ्या. जानेवारी २०१८ मध्ये भाव ३ डॉलरच्या वर गेला. मार्च २०२० पर्यंत तिथून ९५ टक्क्यांहून जास्त खाली आला. २२ डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे तिथल्या सेबीने, एक्सआरपीमागच्या रिपल कंपनीवर दावा लावला, आठवडाभरात भाव निम्म्याच्याही खाली गेला आणि तिथल्या मोठ्या एक्सचेंजनी व्यवहार थांबवले. मग २०२१ ची तेजी आली. बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास पोहोचला, इथेरियम ४,८०० च्या वर. दोघांनीही आपली जुनी शिखरं तिपटीहून जास्तीने मागे टाकली. एक्सआरपी २ डॉलरच्या आतच थांबला, जुन्या शिखरापर्यंत गेलाच नाही. ३ डॉलर पुन्हा दिसले ते जानेवारी २०२५ मध्ये, सात वर्षांनी. तेवढ्याच काळात बिटकॉइन २०,००० वरून १ लाख डॉलरच्या पुढे गेला होता. एक्सआरपी मेला नाही, विश्वास ठेवणारे खोटेही ठरले नाहीत. त्यांची सात वर्षं मात्र गेली. एका नाण्याची खरी किंमत ही असते, आणि ती घसरणीच्या टक्केवारीत दिसत नाही.

आता विश्वासाकडे येऊ. 'एक्सआरपीवर विश्वास आहे' या एका वाक्यात चार वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि त्या सुट्या केल्याशिवाय पुढे जाऊ नका. तंत्र चालतं का? हो, २०१२ पासून चालतंय, व्यवहार ३ ते ५ सेकंदांत पक्का होतो. रिपल कंपनीचा धंदा चालतो का? चालतो, बँका आणि पैसे पाठवणाऱ्या संस्था तिच्या ग्राहक आहेत. पण त्या धंद्यातून एक्सआरपी या नाण्याला मागणी येते का? इथे पाय घसरतो. एक्सआरपी म्हणजे रिपलचा शेअर नाही. कंपनीच्या नफ्यावर तुमचा हक्क नाही, लाभांश नाही, मत नाही. कंपनीची संदेशसेवा एक्सआरपी न वापरताही घेता येते. जिथे एक्सआरपी वापरला जातो तिथेही एका टोकाला डॉलर देऊन तो घेतला जातो आणि काही सेकंदांत दुसऱ्या टोकाला पेसो घेऊन विकला जातो. बँकेला तो साठवून ठेवायची गरज नसते. काही सेकंद हातात राहणाऱ्या नाण्याच्या मोठ्या उलाढालीने टिकाऊ मागणी तयार होतेच असं नाही. त्यात डिसेंबर २०२४ मध्ये रिपलने स्वतःच डॉलरशी बांधलेलं आरएलयूएसडी हे नाणं आणलं. ते एक्सआरपीच्या साखळीवर (ब्लॉकचेनवर) आहे आणि इथेरियमवरही. कंपनी वाढली आणि तुमचं नाणं जागेवरच राहिलं, हे अगदी शक्य आहे.

चौथी गोष्ट भावाची: जे चांगलं घडणार असं तुम्हाला वाटतं ते आजच्या भावात आधीच धरलेलं आहे का? एसईसीच्या त्या खटल्याचंच उदाहरण घ्या. १३ जुलै २०२३ रोजी न्यायालयाने रिपलची एक्सचेंजवरची विक्री रोख्यांची (शेअरसारख्या नियमनाखालच्या गुंतवणुकीची) विक्री ठरत नाही, संस्थांना केलेली थेट विक्री ठरते, असा निकाल दिला. भाव त्याच दिवशी उसळला आणि पुढच्या काही आठवड्यांत बहुतेक वाढ विरून गेली. निकालानंतर घेतलेल्यांना तो भाव पुन्हा दिसायला सव्वा वर्ष वाट पाहावी लागली.

दोन समज मात्र सोडून द्या, कारण एक्सआरपीच्या गटांत ते रोज फिरतात. पहिला, 'प्रत्येक व्यवहारात एक्सआरपी जळतो, म्हणून तो दुर्मीळ होत जाणार.' किमान शुल्क ०.००००१ एक्सआरपी आहे. १ कोटी व्यवहार झाले तर १०० एक्सआरपी जळतात. एकूण पुरवठा १०० अब्जांचा. स्वतः भागाकार करून बघा. दुसरा, 'पुरवठा बंद झाला आहे.' डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने ५५ अब्ज एक्सआरपी एस्क्रोमध्ये, म्हणजे ठरलेल्या तारखांनाच उघडणाऱ्या कुलूपबंद खात्यांत, टाकले. त्यातून दर महिन्याला १ अब्जापर्यंत सुटतात, न वापरलेले परत बंद होतात. जे परत जात नाहीत ते बाजारात येऊ शकतात. हा पुरवठा अचानक कोसळणारा नाही, जाहीर आणि ठरलेला आहे, पण तो आहे.

तुमचा विश्वास खरा असेल तर एका कागदावर लिहून काढा: कोणत्या तीन गोष्टी घडल्या तर मी चूक होतो असं मानेन. भाव लिहू नका, कारणं लिहा. उदाहरणार्थ, 'दोन वर्षांनी आरएलयूएसडीचा मोठा भाग इथेरियमवरच असेल आणि एक्सआरपीच्या साखळीवरचा वाटा घटत असेल.' हा आकडा कोणालाही उघडपणे पाहता येतो. 'साखळीवरचे रोजचे पेमेंट व्यवहार आजच्यापेक्षा कमी झालेले असतील', हाही एक चांगला निकष. तारीख टाका, दर सहा महिन्यांनी कागद काढा. असं एकही वाक्य सुचत नसेल तर तुम्ही विचार करून नाणं धरलेलं नाही, सवयीने धरलंय. मग तो हिस्सा आणखी लहान असायला हवा.

आता तुमचे आकडे. १८ लाखांतले १० लाख एका नाण्यात, म्हणजे ५५ टक्क्यांहून थोडं जास्त. ८० टक्के घसरण धरून चाला. एक्सआरपीने याहून मोठी पाहिली आहे, त्यामुळे हे काही अतिशयोक्त नाही. १० चे २ लाख होतील आणि १८ लाखांची बचत १० लाखांवर येईल. यावर तुमचं घर, लग्न, शिक्षण, आईवडिलांचं आजारपण यातलं काय अवलंबून आहे, हे तुम्हालाच माहीत. ज्यांच्यावर कोणी अवलंबून नाही, कर्ज नाही, सहा महिन्यांचा खर्च वेगळा आहे, त्यांच्यासाठीही मी क्रिप्टो एकूण आर्थिक बचतीच्या १० टक्क्यांच्या वर जाऊ नये असं धरतो. तुम्ही तिथे एका दिवसात पोहोचणार नाही, पोहोचायचीही गरज नाही.

निम्मे विका, पण ते पैसे क्रिप्टोबाहेर काढा. ५ लाखांचे एक्सआरपी विकले तर त्यांची खरेदी किंमत २ लाख, नफा ३ लाख, कर ९३,६०० रुपये, हातात ४,०६,४०० रुपये. म्हणजे तुम्ही घातलेले ४ लाख कर भरून पूर्ण परत येतात. उरलेले ५ लाखांचे एक्सआरपी राहतात आणि त्यांच्यावर तुमचा विश्वास हवा तेवढा काळ चालू द्या. आता तीच ८० टक्क्यांची घसरण आली तर एकूण बचत १७ लाखांवरून १३ लाखांवर येईल. मघाशी ती १० लाखांवर आली होती. हा फरक दहा नाणी घेऊन मिळाला नसता.

मित्राच्या मार्गाने, म्हणजे विकून लगेच दुसरी नाणी घेतली, तर काय जातं तेही बघा. 'कर कधीतरी भरायचाच आहे' हे बरोबर आहे. पण लवकर भरलेला कर वाढीतून वजा होतो. ५ लाखांचे एक्सआरपी तसेच ठेवले आणि दुप्पट झाले, तर कर भरून ७,५०,४०० रुपये हातात येतात. तेच आज विकून ४,०६,४०० रुपयांची दुसरी नाणी घेतली आणि तीही दुप्पट झाली, तर कर भरून सुमारे ६,८६,००० रुपये. बाजार सारखाच वाढूनही ६४,००० रुपये कमी. नव्या नाण्यांनी एक्सआरपीपेक्षा बरंच जास्त वाढायला हवं, तेव्हा कुठे बरोबरी. आणि त्यातली काही पडली तर त्यांचा तोटा वजा होत नाही, ते वर आलंच आहे.

विकताना तीन-चार टप्प्यांत विका. याने कर वाचत नाही, दर सपाट असल्याने वर्षं विभागून फायदा नाही. टप्पे फक्त एकाच दिवसाच्या भावावर अवलंबून राहू नये म्हणून. टप्प्यांच्या तारखा आधीच ठरवा, भाव बघून बदलू नका. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला विक्री) टाकू नका. एक्सआरपी-रुपये जोडीत खरेदी आणि विक्रीच्या भावातलं अंतर कधी कधी मोठं असतं, ऑर्डर बुक (समोर लागलेल्या खरेदी-विक्रीच्या भावांची यादी) उघडून बघा आणि लिमिट ऑर्डर (तुम्ही ठरवलेल्या भावाची) टाका.

आणि ज्या दिवशी विकाल त्याच दिवशी कराचे पैसे वेगळ्या एफडीत टाका. हे सांगायचं कारण, १ टक्का टीडीएस कापला म्हणजे कर झाला असा गैरसमज फार आहे. ५ लाखांवर टीडीएस ५,००० रुपयेच कापला जाईल, उरलेले ८८,६०० रुपये तुम्हाला स्वतः भरायचे आहेत. टीडीएस वजा करून १०,००० च्या वर देणं निघत असेल तर आगाऊ कर लागतो: १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर, १५ मार्च. जुलैत रिटर्न भरताना बघू म्हटलं तर व्याज लागतं. प्रत्येक टप्प्याची खरेदी तारीख, विक्री तारीख, खरेदी किंमत आणि मिळालेली रक्कम एका शीटमध्ये लिहा. रिटर्नमध्ये हेच चार रकाने भरायचे असतात आणि एक्सचेंजचा अहवाल दरवेळी पूर्ण असतोच असं नाही.

एवढं करूनही 'क्रिप्टो हवा, पण सगळं रिपल कंपनीच्या नशिबाशी बांधलेलं नको' असं वाटत असेल, तर ते योग्यच आहे. त्यासाठी एक्सआरपी विकू नका, पुढच्या पगारातून लहान रकमेने बिटकॉइन घ्या. हवं तर सोबत इथेरियम. दोन पुरेत. बिटकॉइनमागे दावा लावता येईल अशी कंपनी नाही, नाण्यांची मर्यादा २ कोटी १० लाख, आणि नवा पुरवठा दर २,१०,००० ब्लॉकनंतर (ब्लॉक म्हणजे व्यवहारांचा एक गठ्ठा) निम्मा होतो. एप्रिल २०२४ पासून दर ब्लॉकला ३.१२५ नवे बिटकॉइन. एक्सआरपीचा धोका जिथे आहे तिथे बिटकॉइनचा नाही, म्हणून ही जोडी काही उपयोगाची. प्रमाण बिघडलं की विकून सावरू नका, पुढची खरेदी जे कमी झालंय तिकडे वळवा. आणि तुमचं एकमेव नाणं एक्सआरपीऐवजी बिटकॉइन असतं तर मी नाण्यांबद्दल काहीच बोललो नसतो, फक्त ५५ टक्क्यांबद्दल बोललो असतो.

एक धोका तुम्ही आणि मित्र दोघांनीही लिहिलेला नाही: ही नाणी आहेत कुठे? १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजवरून २३ कोटी डॉलरच्या आसपास मालमत्ता चोरीला गेली. ज्यांची नाणी चोरीत गेलीच नव्हती त्यांचेही पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. तिथे एक नाणं ठेवणारा आणि वीस नाणी ठेवणारा सारखेच अडकले. एका एक्सचेंजवरची दहा नाणी म्हणजे एकच जोखीम.

म्हणून उरलेल्या ५ लाखांच्या एक्सआरपीपैकी बराचसा भाग हार्डवेअर वॉलेटवर (नाण्यांची गुप्त किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण) न्या. आधी तुमचं अ‍ॅप नाणी बाहेर काढू देतं का ते तपासा, काही ठिकाणी फक्त रुपयेच काढता येतात. वॉलेट सुरू करताना मिळणारे चोवीस शब्द (तीच तुमची किल्ली) कागदावर लिहा, फोटो काढू नका, क्लाउडवर ठेवू नका. एक्सआरपीच्या साखळीवर खातं उघडं राहायला १ एक्सआरपी अडकून राहतो, डिसेंबर २०२४ पूर्वी हे १० होते, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गोंधळू नका. स्वतःच्या वॉलेटवर पाठवताना टॅग लागत नाही. पण तिथून परत एक्सचेंजवर पाठवताना पत्त्याबरोबर डेस्टिनेशन टॅग टाकावाच लागतो, कारण एक्सचेंजचा पत्ता सगळ्या ग्राहकांसाठी एकच असतो आणि टॅगवरूनच रक्कम कोणाची ते कळतं. तो विसरला तर पैसे एक्सचेंजच्या खात्यात पोहोचतात, तुमच्या नाही, आणि परत मिळवायला तक्रारी कराव्या लागतात. त्यामुळे आधी २० एक्सआरपी पाठवा, ते पोहोचले की त्यातले थोडे टॅगसकट परत एक्सचेंजवर आणून बघा, दोन्ही बाजू जमल्या की मग बाकीचे हलवा.